रहाटाचं चाक आणि घटनात्मक पाटील

बुधवार, दिनांक ३ एप्रिल १९६३ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास मौजे मोहाडखेड येथील गोड्या विहिरीच्या रहाटाचं चाक मोडून विहिरीत पडलं. सदर विहिरीला दोन अंगांनी दोन रहाट होते, एक गावाकडचा आणि एक वस्तीकडचा. विहीर सरकारी कागदात सार्वजनिक होती आणि दोन्ही रहाटही सार्वजनिक होते. कुणी कोणत्या अंगानं पाणी भरायचं हे मात्र कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना पाठ होतं. पडलं ते वस्तीकडचं चाक. गावाकडचं धडधाकट होतं, त्यामुळे त्याची नोंद घेण्याचं कुणाला कारण पडलं नाही.

मोहाडखेड संग्रामपूरच्या बाजारापासून पायी दीड तासावर. तिथल्या बाकीच्या सगळ्या विहिरींचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही. गोडी विहीर एकच, आणि तीही चांगली साठ हात खोल. चाक असलं तर पोरसवदा मुलगीही घागर वर आणते. चाक नसलं की काठाच्या दगडावर ओणवं होऊन दोर हातांनी ओढावा लागतो, आणि जरा पाय सटकला तर घागरीऐवजी माणूस खाली जातो.

वस्तीतल्या जनकाबाईंचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी मनगटात मोडला होता आणि बसला तो वाकडाच बसला. त्या हातानं भाकरी थापता यायची, दोर ओढता यायचा नाही. मुलगा पंजाब पहाटे सुताराच्या कामावर जाण्याआधी दोन घागरी ओढून द्यायचा. त्यानंतर लागेल ते पाणी सून चांगुणा आणायची. चांगुणाला चौथा महिना लागला होता. त्या सकाळी काठावर ओणवी झालेली सून जनकाबाईंनी पाहिली. त्यांना तिथंच, विहिरीवर उभ्या उभ्या, एक उपाय सुचला. पण तो मनात येताच त्यांचं त्यांनाच भ्या वाटलं, म्हणून तो गिळून त्या सरपंच भगवानरावांकडे गेल्या.

जनकाबाई स्वतः ग्रामपंचायतीच्या सभासद होत्या. बायकांसाठी राखलेल्या जागेवर त्यांचं नाव घातलेलं होतं. मात्र त्यांचं सभासदत्व घरपोच होतं. सभा झाली की सचिव मोतीराम वही आणि शाईची डबी घेऊन त्यांच्या दारात यायचा, त्या अंगठा द्यायच्या, आणि वहीत लिहिलं जायचं की 'सर्व विषयांवर साधकबाधक चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.' ही चर्चा कशी झाली हे विचारायचं त्यांच्या मनात बरेचदा यायचं, पण तोवर मोतीराम पुढच्या घरी गेलेला असायचा.

"सरपंच, चाक पडलं," जनकाबाई म्हणाल्या.

"कोनचं चाक?" भगवानरावांनी घाबरून विचारलं.

"गोड्या इहिरीचं."

"कोन्या बाजूचं?"

"आमच्या."

भगवानरावांच्या चेहऱ्यावरची काळजी लगेच उतरली आणि तिच्या जागी कर्तव्यभावना आली. "बाई, बसा," ते म्हणाले. "पाटलाचं राज होतं तवा तुमी पाटलाच्या ओट्यासमोर हात जोडून उभ्या राहात होत्या, अन् पाटील एक चाक तुमच्याकडं फेकून देत होता. हाव का नाही?"

"हाव. त्याच दिवशी देत होता."

"पन ते मेहरबानीचं चाक होतं! आता लोकशाही आली. आता तुमाले ठरावाचं चाक भेटन."

"कवा भेटन?"

"ते सभा ठरवन. लोकशाहीत मी कोन सांगनारा?"

इकडे ही बातमी हिंमतराव पाटलांच्या कानावर गेली. सरकारनं नुकतीच वंशपरंपरेची पाटीलकी बंद केली होती. सात पिढ्यांचं काम एका कागदानं गेलं आणि हिंमतरावांना सकाळी उठून काय करावं ते कळेनासं झालं. कपाळावर आठ्या घालून ओट्यावर बसायची सवय तेवढी उरली होती. चाक पडल्याचं ऐकताच त्यांच्या अंगात जीव आला. त्यांनी निरोप धाडला की चाक मी देतो, आज देतो, फक्त रिवाजाप्रमाणे पहिला दोर माझ्या हातानं सुटेल.

हा रिवाज खरोखरच होता. विहिरीवर नवं चाक बसलं की त्याला हळदकुंकू लागायचं आणि पहिला दोर पाटील सोडायचे. वस्तीकडच्या चाकाचा पहिला दोरही पाटीलच सोडायचे, फक्त तो लांबून, काठीच्या टोकानं ढकलून सोडायचे. मानाला त्यानं काही बाध येत नसे.

भगवानराव उसळले. "पहिला दोर पाटील सोडन, तं आमाले लोकायनं कायले निवडून देल्लं? दोर लोकप्रतिनिधी सोडन!"

अशा रीतीनं चाक कोणी द्यायचं हा प्रश्न मागे पडला, आणि मोहाडखेडमध्ये राज्य कोणाचं हा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नासाठी बोलावलेल्या सभेला जनकाबाई स्वतः चालत गेल्या. त्यांना दारात पाहून मोतीरामच्या हातातली वही गळाली. "बाई, आपण कशाला तसदी घेतली?" तो म्हणाला. "आपली उपस्थिती मी कालच लिहून ठेवली आहे."

"मंग आज मी खरोखर हाये असं बी लिव," जनकाबाई म्हणाल्या आणि उंबऱ्यापाशी त्यांच्यासाठी अंथरलेल्या पोत्यावर बसल्या. नऊ सभासदांच्या त्या कचेरीत खुर्च्या आठच होत्या, आणि नवव्या खुर्चीची गरज तोवर कधी पडली नव्हती.

खास निमंत्रित म्हणून शाळेतले शेषराव गुरुजी आले होते. ते नागरिकशास्त्र शिकवायचे, पण मुलांना ते शिकायचं नव्हतं, त्यामुळे मोठी माणसं ऐकायला बसलेली पाहून त्यांना भरून आलं. "वाद घालण्याचं कारणच नाही," ते म्हणाले. "जगात यावर तोड निघालेली आहे. इंग्लंडात राणीही आहे आणि संसदही आहे. राणी राज्य करते, पण कारभार करत नाही. पंतप्रधान कारभार करतो, पण राज्य करत नाही."

"मंग राणी दिसभर करते काय?" जनकाबाईंनी विचारलं. घरातल्या माणसांवर असे प्रश्न टाकायची त्यांना सवय होती.

"सही करते."

"नाही म्हनाली तं?"

"म्हणत नाही."

"मंग तिले इचारता काऊन?"

"विचारण्याची प्रथा आहे. यालाच घटनात्मक राजेशाही म्हणतात."

घटना हा शब्द ऐकताच जनकाबाईंनी पदर सारखा केला. "गुरुजी, बाबासाहेबांनी लिवलेली एक घटना हाये ना? मंग ही दुसरी कायले?"

"ती देशाची, बाई. ही गावाची."

"त्या देशात हे गाव येत नाही का?"

गुरुजींनी ऐनक पुसली. सभेनं हा प्रश्न विषयपत्रिकेबाहेरचा ठरवला आणि ठराव क्रमांक एक सर्वानुमते मंजूर केला. त्यान्वये हिंमतराव गावाचे घटनात्मक पाटील झाले आणि भगवानराव संसदीय सरपंच झाले. मान पाटलांना, कारभार सरपंचांना. पहिला दोर पाटील सोडतील, मात्र सरपंचांच्या सल्ल्यानं. सरपंच 'सोडा' असा सल्ला देतील आणि तो मानणं पाटलांवर बंधनकारक राहील. जनकाबाईंना वाटलं, चला, झालं एकदाचं. घरी जाऊन त्यांनी सुनेला सांगितलंसुद्धा की चार दिवस दम धर.

चार दिवसांनी गुरुजींना आठवलं की अधिवेशनाची सुरुवात राणीच्या भाषणानं होते, आणि ते भाषण सरकार लिहून देतं. म्हणून भगवानरावांनी भाषण लिहिलं आणि हिंमतराव जरीचा फेटा बांधून पंचायतीच्या ओट्यावर उभे राहिले. "माझ्या सरकारनं ठरवलं आहे," त्यांनी वाचलं, "की गोड्या विहिरीवर लवकरात लवकर चाक बसवण्यात येईल." 'माझं सरकार' हे शब्द त्यांना इतके गोड लागले की ते वाक्य त्यांनी तीनदा वाचलं. तेव्हापासून ते भेटेल त्याला माझं सरकार, माझी पंचायत, माझी पोस्टाची पेटी असं सांगू लागले. पाटीलकी होती तेव्हा त्यांना गावाच्या भानगडी निस्तराव्या लागत. आता नुसतं माझं म्हणायचं होतं, त्यामुळे त्यांची तब्येत सुधारली.

भाषण झाल्यावर भाषणाबद्दल पाटलांचे आभार मानणं आलं, आणि आभाराच्या ठरावावर चर्चा करणं आलं. ती अडीच आठवडे चालली. वैशाखाचं ऊन तापलं, विहिरीचं पाणी आणखी दोन हात खाली गेलं. चांगुणाच्या तळहातांना दोरानं घट्टे पडले, फुटले, पुन्हा पडले. रात्री जनकाबाई त्यांना तेलहळद लावायच्या आणि मनातल्या मनात दोन्ही राज्यपद्धतींना शिव्या घालायच्या.

पुढच्या बैठकीत चाकाचा ठराव मांडला गेला. तो मंजूरही होणार होता. तेवढ्यात गुरुजींनी हात वर केला. ठरावाला विरोध करणारं कुणीच नाही, ही बाब त्यांना गंभीर वाटली. "विरोधी पक्ष नसेल तर ती लोकशाही नव्हे, हुकूमशाही होय," ते म्हणाले. सभासद हादरले. आजवर आपण हुकूमशाहीत राहत होतो, आणि कुणी सांगितलंही नाही, याचं सगळ्यांना वाईट वाटलं.

उपसरपंच उकंडराव हे भगवानरावांचे सख्खे साडू. दोघांचं कधी कशावरून वाजलं नव्हतं. त्यामुळे विरोधी पक्षनेतेपदासाठी त्यांचं नाव एकमतानं सुचवण्यात आलं, आणि भगवानरावांनीच त्यांना हार घातला.

"पन मी इरोध कायले करू, दाजी?" उकंडरावांनी गोंधळून विचारलं.

"जे मी मांडन त्याले."

"चाकाले?"

"चाकाले पयले!"

उकंडरावांनी ते मनावर घेतलं. त्यांनी दीड तास भाषण केलं. चाक लाकडाचं की लोखंडाचं, त्याचा व्यास किती, ते कोणत्या दिशेनं फिरणार आणि त्याच दिशेनं का, असे सतरा प्रश्न विचारले. हुकूमशाहीचा कलंक धुवायचा म्हणून तिघे सभासद त्यांच्याकडे गेले, म्हणजे विरोधात चार झाले. भगवानरावांच्या बाजूनं ते स्वतः आणि दोघे. उरलेल्यांत एक सभासद शेगावला दर्शनाला गेला होता. नववं मत जनकाबाईंचं.

"बाजूनं!" जनकाबाई पोत्यावरून ओरडल्या. "दहा डाव बाजूनं!"

तरी चार विरुद्ध चार झाले. समसमान झालं की अध्यक्षाचं एक जादा मत मोजायचं असतं, पण भगवानराव अध्यक्ष म्हणून निःपक्षपाती राहायचं ठरवून बसले. ठराव पडला. ठराव पडला म्हणून सरकार पडलं. भगवानरावांनी राजीनामा घटनात्मक पाटलांच्या हाती दिला, पाटलांनी तो डोळ्यांत पाणी आणून घेतला, आणि ओट्यावर चहा झाला. उकंडरावांना सरकार बनवायला बोलावलं गेलं. त्यांनी पहिल्याच बैठकीत चाकाचा ठराव मांडला. आता विरोधी पक्षनेते भगवानराव होते. त्यांनी सतरा प्रश्न विचारले, कारण ते त्यांच्यापाशी लिहून ठेवलेले होते.

वहीत नोंद आहे की त्या पावसाळ्यात मोहाडखेडमध्ये तीन सरकारं आली आणि गेली. चाकाला कुणाचाच विरोध नव्हता. सगळेच खासगीत जनकाबाईंना सांगत, "बाई, आम्ही मनातून तुमच्याकडूनच हावो."

"मनातून पानी वर येत नाही ना, भाऊ," जनकाबाई म्हणायच्या.

शेवटी पंजाबच चिडला. त्यानं एका रविवारी बाभळीच्या लाकडाचं चाक घडवलं, मधोमध भोक पाडलं, लोखंडाची पट्टी ठोकली आणि सोमवारी सकाळी ते विहिरीवर बसवलं. चांगुणानं त्या चाकावरून तीन घागरी काढल्या. चौथी घागर निम्म्यावर असताना मोतीराम पोचला.

"हे चाक कुणाच्या हुकमानं?" त्यानं विचारलं.

"पाण्याच्या," पंजाब म्हणाला.

"सार्वजनिक मालमत्तेवर खाजगी चाक बसवता येत नाही. मला ते जप्त करावं लागेल."

"अन् सरकारी चाक कोनं बसवायचं?" जनकाबाईंनी विचारलं.

मोतीराम खरंच मनानं वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज खाली आणला. "बाई, सध्या सरकार पडलेलं आहे. काळजीवाहू सरकार आहे. काळजीवाहू सरकारला चाक काढता येतं, बसवता येत नाही."

"काळजी कोनाची वाहते मंग ते?"

मोतीरामनं घागर वर येईपर्यंत थांबण्याची माणुसकी दाखवली, मग चाक काढलं, कचेरीत नेलं, त्यावर 'अनधिकृत' अशी चिठ्ठी चिकटवली आणि कपाटावर ठेवून दिलं. पुढं कचेरीतलं दार वाऱ्यानं आपटू लागलं, तेव्हा ते चाक दाराला टेकण म्हणून लावण्यात आलं. त्याचा तेवढा तरी उपयोग झाला.

सरकारं टिकत नाहीत हे पाहून हिंमतरावांनी घटनात्मक चिंता व्यक्त केली. त्यावरून 'संसदीय लोकशाही व घटनात्मक राजेशाही : तौलनिक अभ्यास समिती' नेमण्यात आली. अभ्यासासाठी मोठ्या गावी जाणं भाग होतं. मोठं गाव म्हणजे शेगाव, कारण तिथं मेन लाइनचं स्टेशन आहे, आणि देशोदेशीची माणसं गाडीनं जाताना खिडकीतून दिसतात. पाटील, आजी-माजी दोन्ही सरपंच आणि गुरुजी तीन दिवस तिथं राहिले. महाराजांचं दर्शन घेतलं, कचोरी खाल्ली आणि फलाटावर बसून राज्यपद्धतींचा विचार केला. परत आल्यावर अहवाल वाचण्यात आला. त्यात म्हटलं होतं की राजेशाहीत निर्णय लवकर होतो पण तो एकाच्या मर्जीनं होतो, आणि लोकशाहीत निर्णय सगळ्यांच्या मर्जीनं होतो पण होत नाही. दोन्ही पद्धतींत गुण आहेत. दोन्ही आपण ठेवाव्यात. चाकाबाबत पुढील अभ्यासाची शिफारस होती.

जनकाबाईंनी अहवाल शेवटपर्यंत ऐकला. मग त्या उठल्या. "माह्या सुनेले आठवा सरत आला," त्या म्हणाल्या. "आता सांगा, तिचं लेकरू आधी येईन का तुमचं चाक?"

हा प्रश्न लेखी विचारावा, असं त्यांना सांगण्यात आलं.

पोळा होऊन चार दिवस झाले होते. पाऊस रात्रभर पडून थांबला होता आणि विहिरीच्या काठावर शेवाळ धरलं होतं. पंजाब आदल्या दिवसापासून दूरच्या गावी कामावर होता. जनकाबाई पोहोचेपर्यंत चांगुणानं दोर ओढायला घेतला होता. घागर काठाशी आली आणि तिचा पाय सटकला. ती दगडावर गुडघ्यावर आदळली, अर्धी आत ओणवली, दोर हातातून सुटला आणि घागर दगडांवर आपटत खाली गेली. खालून आवाज यायला बराच वेळ लागला. शेजारणीनं तिचं लुगडं मागून घट्ट धरलं होतं म्हणून ती घागरीमागं गेली नाही.

जनकाबाईंनी सुनेला ओढून मांडीवर घेतलं. तिच्या पोटावर हात ठेवून त्या थांबल्या. आतून एक लाथ बसली, तेव्हा त्यांना रडू फुटलं. मग त्या रडायच्या थांबल्या आणि त्यांनी वर पाहिलं. समोर, विहिरीच्या पलीकडच्या अंगाला, गावाकडचं चाक पावसानं धुऊन लख्ख झालं होतं. मध्ये अंतर असेल बारा पावलांचं. साडेचार महिने गिळून ठेवलेला उपाय त्यांच्या घशाशी आला. भ्या अजूनही वाटत होतं. लहानपणी त्यांच्या आईनं दुष्काळात एकदा त्या अंगाला घागर टेकवली होती, आणि मग तिच्या पाठीवर काय पडलं ते जनकाबाईंनी स्वतः पाहिलं होतं. पण मांडीवर सून होती.

"चला वं," जनकाबाई पाण्याला आलेल्या बायांना म्हणाल्या.

"कुठं?"

"पान्याले."

सुनेला शेजारणीच्या हवाली करून त्या बारा पावलं चालल्या. मागून अकरा बाया आल्या. जनकाबाईंनी गावाकडच्या चाकावर आपला दोर टाकला आणि वाकड्या हातानं ओढायला लागल्या. चाक असं हलकं फिरलं की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

त्यानंतर मोहाडखेडमध्ये जे घडलं, ते जगातल्या कुठल्याही राज्यपद्धतीला लाभलेलं नाही. पहिल्या घागरीला पाणी लागायच्या आत बातमी गावात पोचली. दुसरी घागर वर येईपर्यंत घटनात्मक पाटील फेटा न बांधता पळत आले. तिसऱ्या घागरीला भगवानराव आणि उकंडराव एकाच सायकलवर बसून आले. विहिरीपासून थोड्या अंतरावर निंबाखाली, उभ्या उभ्या, राजा, सरकार आणि विरोधी पक्ष यांची संयुक्त बैठक झाली. भाषण झालं नाही, आभार मानले गेले नाहीत, सतरातला एकही प्रश्न कुणी विचारला नाही. ठराव एकमतानं पास झाला. मोतीराम कचेरीकडे धावला, दाराचं टेकण उचललं, 'अनधिकृत' चिठ्ठी ओरबाडून काढली आणि ते चाक छातीशी धरून परत आला. भगवानरावांनी ते स्वतःच्या हातानं वस्तीकडच्या रहाटावर चढवलं. उकंडरावांनी खालून धरलं. हिंमतरावांनी खिळा ठोकायला दगड आणून दिला. सात पिढ्यांत पाटलानं त्या अंगाला काठीशिवाय हात लावल्याची ही पहिलीच नोंद. पहिला दोर कोणी सोडायचा, हे त्या दिवशी कुणाला आठवलंच नाही.

सगळं मिळून बावीस मिनिटं लागली. शाळेतून धावत आलेल्या गुरुजींनी घड्याळ लावून मोजली, कारण त्यांना त्यांच्या विषयात इतकं यश कधी आलं नव्हतं.

भगवानराव घाम पुसत, हात जोडून पुढं आले. "जनकाबाई, बसलं तुमचं चाक. पंजाबनं बनवलं ते पक्कं हाये. आता तिकडून भरा, माय. उगीच तुमाले इकडं यायचा तरास."

"तरास काय, बारा पावलं तं हायेत," जनकाबाई म्हणाल्या. त्यांनी घागर खाली ठेवली नाही. "सरपंच, मले हे पयल्याच दिवशी सुचलं होतं. मी वाट पाहून राह्यली होती, का तुमच्यातल्या एकाले तरी सुचते का. पाटलाले नाही, तुमाले नाही, गुरुजीले बी नाही. एवढी पुस्तकं वाचली, शेगावले जाऊन आले."

भगवानराव पुन्हा घाम पुसू लागले.

"राजा असो का सरपंच," त्या म्हणाल्या, "तुमाले चाक बसवता येत होतं. तुमाले फक्त आमी इकडं नको होतो." आणि त्यांनी चौथ्यांदा दोर खाली सोडला.

चांगुणाला तीन आठवड्यांनी मुलगी झाली. जनकाबाई तिच्या बारशाच्या पाण्याची एक घागर अलीकडून आणि एक पलीकडून भरून आणल्याचं सांगतात. त्यावर पंचायतीत बरीच चर्चा झाली, पण ठराव काही मांडला गेला नाही, कारण तो कोणत्या शब्दांत लिहायचा हे मोतीरामला जमेना.

शेषराव गुरुजी आजही सहामाहीत एक प्रश्न घालतात : 'संसदीय लोकशाही व घटनात्मक राजेशाही यांपैकी कोणती पद्धत श्रेष्ठ? सकारण लिहा.' मुलं दोन्ही बाजूंनी पानंच्या पानं भरतात. आणि वाचकहो, हा पाटील, हे सरपंच आणि ही समिती पाहून तुम्हीही मघापासून हसत असाल, ते योग्यच आहे. फक्त एकच. गावाकडचं चाक धडधाकट होतं, हे या गोष्टीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहून ठेवलेलं होतं. साडेचार महिने, तीन सरकारं आणि एक अहवाल वाचून होईपर्यंत, ते तुम्हांला तरी कुठं आठवलं?